टीना स्लोन ग्रीन यांचा मान कशाचा: विजेतेपदांचा की पहिलेपणाचा?

प्रश्न: फिलीकर

माझी मुलगी गेल्या वर्षापासून शाळेच्या संघातून लॅक्रॉस खेळते. टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा, फेकायचा आणि पळायचे, यापलीकडे मला त्या खेळातले फारसे कळत नव्हते. शाळेसाठी तिला एका प्रशिक्षकावर टिपण लिहायचे होते आणि आम्ही फिलाडेल्फियाचे रहिवासी असल्यामुळे तिने टेंपल विद्यापीठाच्या टीना स्लोन ग्रीन यांची निवड केली. महाविद्यालयीन महिला लॅक्रॉसमधील त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी मुख्य प्रशिक्षक, आणि १९९७ साली त्यांचा राष्ट्रीय लॅक्रॉस हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

हा खेळ जवळून पाहणारे माझे एक स्नेही मात्र म्हणाले की, एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या नोंदीत ग्रीन यांच्या नावावर केवळ २ विजेतेपदे आहेत, तर प्रशिक्षक सिंडी टिमचल यांनी एकट्या मेरीलँड विद्यापीठाला ८ विजेतेपदे मिळवून दिली. तेव्हा ग्रीन यांना हा मान मिळाला तो मुख्यतः त्या ‘पहिल्या’ होत्या म्हणूनच. हे म्हणणे मला खटकले, परंतु त्याचा प्रतिवाद करण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: गुणफलक

आपल्या स्नेह्यांचा आकडा अपुरा आहे, आणि तो अपुरा का आहे हे समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. ग्रीन यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद ३ वेळा मिळवले: १९८२, १९८४ आणि १९८८. यांपैकी १९८२ चे विजेतेपद एनसीएएचे नव्हते, तर एआयएडब्ल्यू या संघटनेचे होते. महाविद्यालयीन पातळीवरील महिलांच्या खेळांचा कारभार १९७० च्या दशकात हीच संघटना पाहत होती; त्या काळात एनसीएएला महिलांच्या स्पर्धांमध्ये रस नव्हता. शिक्षणसंस्थांमधील लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ या कायद्यानंतर महिलांच्या खेळांना पैसा आणि प्रतिष्ठा मिळू लागली, तेव्हा एनसीएएने १९८१-८२ च्या हंगामापासून स्वतःच्या महिला स्पर्धा सुरू केल्या. तिच्याजवळ पैसा आणि दूरचित्रवाणीचे करार असल्यामुळे विद्यापीठे तिकडे वळली आणि एआयएडब्ल्यू अल्पावधीतच बंद पडली. त्यामुळे १९८२ साली महिला लॅक्रॉसमध्ये दोन राष्ट्रीय विजेते झाले: एनसीएएच्या स्पर्धेत मॅसॅच्युसेट्स आणि एआयएडब्ल्यूच्या स्पर्धेत टेंपल. पुढे जी संस्था टिकली तिच्याच वह्या टिकल्या, आणि त्या वह्यांमधून मोजणाऱ्याला २ हाच आकडा दिसतो. मोजणी खोटी नाही, पण वही अपुरी आहे.

आता केवळ एनसीएएपुरते पाहू. १९८३ ते १९८८ या सहा हंगामांत टेंपलने चार वेळा अंतिम सामना खेळला. १९८३ मध्ये डेलावेअरकडून ७-१० अशी हार झाली, १९८४ मध्ये मेरीलँडवर ६-४ असा विजय मिळाला, १९८७ मध्ये पेन स्टेटने ७-६ असे एका गोलने हरवले आणि पुढच्याच वर्षी त्याच पेन स्टेटला टेंपलने १५-७ असे नमवले. त्या १९८८ च्या हंगामात संघाने सर्वच्या सर्व १९ सामने जिंकले. ज्या संघाकडून आपण एका गोलने हरलो, त्यालाच वर्षभराने दुपटीहून अधिक गोलांनी हरवणे हे प्रशिक्षणाचेच यश मानावे लागेल. ‘पहिल्या’ हा शब्द परिचयातून वगळला तरी हे पारडे हलके होत नाही.

उत्तर २: मैदानाबाहेरचा

वरील आकडे मान्य आहेत, परंतु एक बाजू राहिली. त्या काळी महिला लॅक्रॉस खेळणारी विद्यापीठे प्रामुख्याने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील होती, त्यामुळे राष्ट्रीय विजेतेपदासाठी झुंजणारे संघ आजच्या मानाने थोडे होते. तसेच उपविजेतेपदे मोजू लागलो तर अनेकांचे दावे उभे राहतील.

उत्तर ३: वेस्ट चेस्टरची विद्यार्थिनी

मैदानाबाहेरचा यांच्या आक्षेपात तथ्य आहे, मात्र तो ग्रीन यांच्याइतकाच त्यांच्या सर्व समकालीनांना लागू होतो.

माझा मुद्दा निराळा आहे. या चर्चेत ‘पहिलेपण’ हा शब्द एखाद्या सवलतीसारखा वापरला जात आहे, जणू गुणपत्रिकेत कमी पडलेले गुण त्यातून भरून काढले असावेत. ग्रीन पेनसिल्व्हेनियातील वेस्ट चेस्टर महाविद्यालयात शिकल्या (मीही तिथलीच, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरावा), हॉकी आणि लॅक्रॉस दोन्ही खेळल्या आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय लॅक्रॉस संघातही त्यांनी स्थान मिळवले. हा खेळ मूळचा इथल्या आदिवासी राष्ट्रांचा असला, तरी मुलींचे लॅक्रॉस पुढे खासगी शाळा आणि क्लब यांच्याच कुंपणात वाढले, जिथे कृष्णवर्णीय मुलीला काठी हातात मिळणेही अवघड होते. अशा खेळात राष्ट्रीय संघापर्यंत पोचलेली स्त्री प्रशिक्षक होते, तेव्हा तिचे पहिलेपण हा निव्वळ कालक्रमाचा योगायोग उरत नाही.

त्याहून मोलाचे काम त्यांनी नंतर केले. १९९२ साली टेंपलचे प्रशिक्षकपद सोडले त्याच वर्षी त्यांनी निक्की फ्रँके, अल्फा अलेक्झांडर आणि लिंडा ग्रीन यांच्यासह कृष्णवर्णीय मुली-स्त्रियांना खेळात आणण्यासाठी ‘ब्लॅक विमेन इन स्पोर्ट फाउंडेशन’ स्थापन केले. फ्रँके या तेव्हा टेंपलच्याच तलवारबाजीच्या प्रशिक्षक होत्या. त्या कामासाठी हॉल ऑफ फेमच्या गुणफलकात रकाना नसेलही, पण वारसा मोजायचा असेल तर ते वगळून कसे चालेल? ग्रीन यांच्या हाताखाली घडलेल्या खेळाडूही पाहाव्यात. १९८८ च्या अपराजित संघातील अमांडा ओ’लिअरी (तेव्हाच्या मूर) यांनी पुढे येल विद्यापीठात प्रशिक्षण दिले आणि नंतर फ्लोरिडा विद्यापीठाचा महिला लॅक्रॉस संघ पायापासून उभा केला.

टिमचल यांच्याशी तुलना मात्र मला अनाठायी वाटते. ८ विजेतेपदे हा अपवाद आहे. तीच प्रवेशाची अट मानली तर हॉल ऑफ फेमची बहुतेक दालने रिकामी करावी लागतील.

उत्तर ४: गुणफलक

उपविजेतेपदाचा मुद्दा मी किंचित ताणला, हे मान्य. मला एवढेच दाखवायचे होते की १९८४ आणि १९८८ ही सुटी, दैवाने लाभलेली वर्षे नव्हती. वेस्ट चेस्टरची विद्यार्थिनी यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद कायम आहे: फाउंडेशनचे काम कितीही मोठे असले, तरी प्रशिक्षक म्हणून दावा मांडताना मी ते मुद्दाम बाजूला ठेवीन, कारण ते सोबत जोडले की आपल्या स्नेह्यांसारखे वाचक लगेच म्हणतात, ‘म्हणजे नुसते सामने पुरेसे नव्हते तर.’

फिलीकर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. ही उत्तरे मी मुलीला वाचून दाखवली. तिने टिपणातील ‘दोन’ खोडून ‘तीन’ केले, एआयएडब्ल्यूवर एक स्वतंत्र परिच्छेद लिहिला आणि ‘पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी मुख्य प्रशिक्षक’ हे वाक्य सुरुवातीवरून काढून १९८८ च्या हंगामानंतर नेऊन ठेवले. स्नेह्यांना ते टिपण पाठवले आहे; त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.