आधी ट्रॅक तपासा, कीबोर्ड नंतर
४८६ या जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरची फुटलेली बॅटरी काढून, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसूनही कीबोर्ड एरर येते, असं एकाने विचारलंय, आणि त्याला कीबोर्ड बदलायला सांगितलंय. मला ते पटत नाही. त्या ३.६ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम बॅटरीतून झिरपतं ते अल्कली, आणि नुसत्या आयपीएने त्याचा असर जात नाही. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या, दमट हवेत तर त्यातून चढणारा गंजाचा हिरवा थर सोल्डर मास्कखाली (बोर्डावरच्या संरक्षक लेपाखाली) पसरतच जातो. आधी पांढरं व्हिनेगर आणि मऊ ब्रश, मग डिस्टिल्ड वॉटर (विहिरीचं नको, क्षार मागे राहतात), शेवटी आयपीए.

पूर्ण वाळल्यावर बॅटरीपासून कीबोर्डच्या डिन सॉकेटपर्यंतचा (कीबोर्ड जोडायच्या गोल खाचेपर्यंतचा) एकेक ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. काळा पडलेला ट्रॅक अखंड दिसतो, पण आतून तुटलेला असू शकतो. बदली म्हणून सीआर२०३२ (चार्ज न होणारी नाण्यासारखी बॅटरी) लावणार असाल तर मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच, डायोडवरच्या पट्टीची बाजू बोर्डाच्या प्लसकडे. नाहीतर बोर्ड तिला चार्ज करायला जाईल.