सगळ्यात भयाण ख्रिसमस गाणं कुठलं?

बेसूर_बंड्या: डिसेंबर आला की मी मुद्दाम वाईट ख्रिसमस गाणी शोधून ऐकतो, हसून हसून पोट दुखतं. अमेरिकन गायक बॉब डिलनचा २००९ चा ख्रिसमस अल्बम ऐकलाय का कोणी? घसा बसलेला माणूस लॅटिनमधे भजन म्हणतोय असं वाटतं राव. अजून सुचवा ना.

तिखट_पोहे: डिलनला काही बोलू नका 😀 त्यातलं ते सांताचं पोल्का नाचाच्या ठेक्यावरचं गाणं खरंच भारी आहे, आणि अल्बमची रॉयल्टी भुकेल्यांच्या जेवणासाठी दिलीये त्याने. खरा नमुना हवा तर १९८० चा स्टार वॉर्सचा ख्रिसमस अल्बम ऐक, त्यात एक अख्खं गाणं आहे की वूकीकडे (सिनेमातला तो अंगभर केसाळ प्राणी) कंगवा तर आहेच मग त्याला गिफ्ट काय द्यायचं!! आणि दुसऱ्या एका गाण्यात चक्क पुढे रॉकस्टार झालेला कोवळा बॉन जोव्ही गातो, तेव्हा त्याला कोणी ओळखतही नव्हतं.

रात्रपाळी: कुत्र्यांचं जिंगल बेल्स राहिलं की. १९५५ चं, खऱ्या भुंकण्याच्या टेपा कापून, जोडून सूर जमवलेत, कंप्युटर वगैरे काही नाही.

बेसूर_बंड्या: @रात्रपाळी आत्ताच लावलं, डिलनपेक्षा सुरात आहेत 😂