मदत हवी आहे: टिकाऊ निळा लेझर डायोड कुठला घ्यावा?

पातळ प्लायवर अक्षरं कोरण्यापुरतं छोटं एनग्रेव्हर घरी बनवतोय. 450 नॅनोमीटरचा डायोड हवाय. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत डेटाशीट (कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक) मागितली की "साहेब, फुल पॉवर आहे, बिनधास्त घ्या" एवढंच ऐकायला मिळतं. ऑनलाइन मॉड्यूलवर ठळक 10 वॉट छापलेलं असतं, पण बऱ्याचदा तो विजेचा आकडा असतो, प्रकाशाचा नव्हे. असल्या आकड्यांवर कसा भरवसा ठेवायचा?

आधीचा डायोड एके दिवशी अचानक गेला. म्हणजे बंद नाही, एलईडीसारखा नुसता मिणमिणतो; लेन्स कितीही फिरवा, टिपका जमत नाही. ड्रायव्हर, म्हणजे डायोडला वीज पुरवणारं सर्किट, कॉन्स्टंट करंटचाच (करंट स्थिर ठेवणारा) होता. त्यामुळे संशय उष्णतेवर, नाहीतर सोल्डरिंगच्या वेळच्या स्टॅटिक विजेवर.

निचिया किंवा ओसराम कंपनीचे अस्सल सुटे डायोड भारतात खात्रीने कुठे मिळतात? जुन्या प्रोजेक्टरमधून काढलेले चालतील का? 5.6 मिमी व्यासाच्या डायोडपेक्षा 9 मिमीच्या डायोडची उष्णता हीटसिंकमध्ये लवकर उतरते, पण एवढ्याशा कामाला तो जास्तीचा खर्च परवडतो का? आणि तुम्ही रेटेड करंटच्या किती खाली चालवता?

450 नॅनोमीटरसाठीचा चष्मा आहे, तेवढी काळजी नको. ज्यांनी वर्षभर तरी डायोड वापरलाय त्यांनी जरूर सांगा.