वजन तिसऱ्या हिश्श्यावर येत नाही

गाडीतल्या बॅटरीच्या झाकणाचा पत्रा पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा केला तर वजन एक-तृतीयांश होईल, असा एक दावा आहे. घनतेचं गणित बरोबर आहे (पोलाद ७.८५, ॲल्युमिनियम २.७ ग्रॅम प्रति घन सेंमी), पण ताठपणा त्यात धरलेला नाही. ॲल्युमिनियमचा स्थितिस्थापकता गुणांक (धातूच्या ताठपणाचं माप) साधारण ७० गिगापास्कल, पोलादाचा २१०. वाकण्याला तेवढाच विरोध हवा तर सपाट पत्र्याची जाडी सुमारे १.४४ पट करावी लागते, म्हणजे १ मिमीच्या जागी जवळपास दीड. वजन निम्म्यावर येतं. तेही थोडं नाही, पण हिशेब तिथूनच सुरू करायला हवा.

खरी डोकेदुखी मात्र ॲल्युमिनियम आणि पोलादाच्या जोडात आहे, आणि तिचा उल्लेख त्या दाव्यात नाही. ॲल्युमिनियम आणि पोलाद नेहमीच्या स्पॉट वेल्डिंगने (पत्रे ठिपक्याठिपक्यांवर विजेने तापवून सांधणं) जोडलं की मध्ये लोह-ॲल्युमिनियमचा ठिसूळ थर तयार होतो. म्हणून रिव्हेट आणि इपॉक्सी गोंद एकत्र वापरतात. हा गोंद गाडीचा रंग भाजण्याच्या भट्टीत, साधारण १८० अंशांना पिकतो. त्या तापमानाला १ मीटर लांबीत ॲल्युमिनियम पोलादापेक्षा पावणेदोन मिमी जास्त वाढलेलं असतं. त्यामुळे दोन रिव्हेटांच्या मधला पत्रा भट्टीतच लाटेसारखा उठतो, गोंद त्याच स्थितीत घट्ट होतो, आणि गाडी थंड झाली की ती लाट तशीच राहते किंवा गोंदाची कड सुटते. तीच कड पुढे पाणी आत घेते, मग ॲल्युमिनियम झपाट्याने गंजतं. ॲल्युमिनियमला पोलादाऐवजी कार्बन फायबर चिकटवलं तर गंज आणखी वाईट. तिथे मध्ये काचतंतूंचा एक थर घालावाच लागतो.