दाखला, २५ टक्के जागा आणि घरचे शिक्षण

घरीच शिकणाऱ्या, शाळेत नाव नसलेल्या मुलाला दहावीला बसता येत नाही, असे काहीजण म्हणतात; ते बरोबर नाही. राज्य मंडळाच्या सतरा नंबरच्या फॉर्मसाठी (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज) शाळा सोडल्याचा दाखला मागतात हे खरे. परंतु जे मूल कधीच शाळेत गेले नाही, त्याला वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएस) माध्यमिक, म्हणजे दहावीची परीक्षा देता येते.

'आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून) कॉन्व्हेंट, म्हणजे ख्रिस्ती संस्थेची शाळा मिळेल' ही अपेक्षा मात्र धरू नये. २००९च्या या कायद्यातील, दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांची अट अशा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय इतर खासगी शाळांतही हा प्रवेश केवळ सुरुवातीच्या वर्गात (पहिली किंवा पूर्वप्राथमिक) मिळतो आणि मोफत शिक्षणाची हमी आठवीपर्यंतच असल्याने, नववीत पूर्ण फी समोर उभी राहते तेव्हा ती झेपेल का, याचा हिशेब पहिलीतच मांडलेला बरा. (व्हॅनचा खर्च तर पहिल्या दिवसापासून आपलाच.)

माझे मत विचाराल तर, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत एकदा जाऊन तिसरीच्या मुलांना अनोळखी उतारा वाचायला सांगावा, आणि ती न अडखळता वाचत असतील तर निदान चौथीपर्यंत दुसरीकडे पाहू नये.