नागपूरच्या हवेत इंद्रजालचे जुने अंक टिकवायचे कसे?

वेताळभक्त_नागपूर

मंडळी, घरात इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आहेत, दीडशेच्या आसपास. सोबत थोड्या अमर चित्रकथा अन् चांदोबा. सगळं लोखंडी कपाटात, आणि कपाट कूलरच्या खोलीत. पानं कडेनं तपकिरी पडून राहिली, पिना गंजून भोवती तांबूस डाग उमटले, काही मुखपृष्ठांवर तर कोणी नखानं खरवडल्यासारखे पट्टे आहेत. डांबर गोळ्या टाकून ठेवल्या आहेत. एक बाइंडर म्हणतो लॅमिनेशन करा, दुसरा म्हणतो पंचवीस-पंचवीस अंक शिवून जाड जिल्द बांधा. काय करावं? खर्च बेताचाच झेपेल.

कागदकिडा

भाऊ, दोन्ही बाइंडरांना रामराम करा. लॅमिनेशनमध्ये गरम प्लॅस्टिक कागदात मुरतं, ते परत निघत नाही. जिल्द बांधताना पाठ कापतात नाहीतर भोकं पाडतात, आणि आतल्या समासाला लागून असलेलं चित्र कायमचं शिवणीत जातं.

आता मुख्य दुखणं. नागपुरात सगळे ४५ अंशांना शिव्या घालतात. उष्णतेनं कागद म्हातारा होतोच, पण तुमच्या अंकांचा खरा वैरी कूलर आहे. मे महिन्यात दुपारी बाहेरची हवा सुकी ठणठणीत असते. तीच हवा ओल्या ताट्यांतून खोलीत येते, खिडकी बंद असली की कोंडते आणि आर्द्रता ७० टक्क्यांवर चढते. कूलर बंद केला की ती पुन्हा धाडकन खाली. कागद रोज फुगतो, रोज आक्रसतो. त्यात या अंकांचा न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्री कागद, हा लाकडाचा भरड लगदा. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या द्रव्यामुळे तो पिवळा पडतो, आम्ल तयार होतं, आणि ओल मिळाली की हे सगळं भराभर होतं. कूलर थांबतो न थांबतो तोच पावसाळा हजर.

म्हणून पहिलं काम: कपाट त्या खोलीतून हलवा. माळ्यावर मात्र नको, वरची स्लॅब तापून तिथे भट्टी होते. घरातली मधली, बाहेरची भिंत नसलेली खोली बरी. जमिनीपासून चार बोटं उंच, भिंतीपासून थोडं सुटं.

दुसरं काम डब्यांचं. रबरी कडेचे, घट्ट झाकणाचे पॉलिप्रॉपिलीनचे डबे घ्या. पण ते बंद कधी करता यावर सगळं आहे. ऑगस्टमध्ये बंद केलात तर पावसाळाच आत कोंडला. जानेवारी ते होळी या दिवसांत, कूलर सुरू व्हायच्या आधी, अंक दोन-तीन दिवस सावलीत सुटे ठेवा आणि हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) ४० ते ५० टक्के दाखवत असताना झाकण लावा. स्वस्त हायग्रोमीटर खोटं बोलतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून चिखलासारखं करा आणि मीटरसोबत झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ८० आला तर ५ वजा करून वाचायचं.

२० लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) पुरे. नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. जास्त भरू नका, ३० टक्क्यांखाली कागद कडक होऊन घडीवर तुटतो.

जिल्दसाज

पिनांबद्दल. गंजलेली पिन बाहेरून उपसायची नाही, मुखपृष्ठ फाटलंच समजा. अंक मधल्या पानावर उघडा, पिनेच्या पायाखाली जाड प्लॅस्टिकचा तुकडा सरकवा, बोथट पातं घालून पाय हळूहळू सरळ उभे करा. मग अंक पालथा करून मागून पिन उचला. गंज कागदाला चिकटला असेल तर आधी पिनेचे तुकडे करून काढा. त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्याचा सैलसर टाका घाला, गाठ आतल्या बाजूला. नवी पिन हवीच असेल तर स्टेनलेस स्टीलची. तांबूस डाग निघत नाही, त्याला पाणी-लिंबू लावायला जाऊ नका.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा आणि तेलकट होतो, आणि पानातून पलीकडचं दिसायला लागतं. १० जीएसएमच्या (चौरस मीटरला १० ग्रॅम) आसपासचा जपानी टिश्यू, म्हणजे पातळ कागद, आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा: एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीसेक मिनिटं ढवळत, मग गाळून. मैदा नको, त्यातल्या ग्लुटेनवर किडे येतात. आपल्याकडे बाइंडर खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतात, ते तर मुळीच नको. किडा मरतो, पण तांब्यामुळे कागद पुढे ठिसूळ होतो. लावायला अगदी कोरडी खळ, वरून टीपकागद आणि वजन. न्यूजप्रिंट ओला झाला की लाटांसारखा वाकतो.

बर्डीवाला

दीडशेच्या दीडशे अंकांवर इतका जीव पाखडायची गरज नाही जी. ली फॉकचा वेताळ (इंग्रजीतला फँटम) १९३६ पासूनचा, मूळ इंग्रजी पट्ट्या पुस्तकरूपात मिळतात. पण १९६४ ते १९९० मधल्या इंद्रजालची मराठी अक्षरं, जाहिराती, वेताळाच्या देशाचं ‘डेंकाली’ हे बदललेलं नाव, हे फक्त या अंकांतच आहे. आणि १९७६ मध्ये आलेला आबिद सुरतींचा बहादूर हा देशी नायक तर इंद्रजालसाठीच जन्मला. माझ्या मते आधी बहादूर, मग मुखपृष्ठ शाबूत असलेले वेताळ आणि जादूगार मॅन्ड्रेकचे अंक. उरलेले खुशाल हाताळून वाचा, कॉमिक्स आहे, पोथी नाही.

चांगल्या अंकांचं स्कॅन करून ठेवा: ६०० डीपीआय, पानामागे काळा कागद, म्हणजे पलीकडची छपाई उमटत नाही. स्कॅनरचं झाकण दाबून पाठ मोडू नका.

वेताळभक्त_नागपूर

लय मदत झाली. इतवारीत पॅकिंगच्या दुकानातून साडीच्या पारदर्शक पिशव्या आणल्या तर चालतील का? आणि ते खरवडलेले पट्टे कशाचे?

कागदकिडा

पिशवी ‘पीपी’ची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची हवी, ५० मायक्रॉनच्या आसपास जाडीची. मऊ, रेक्झिनसारखा वास येणारी पीव्हीसी असते, तिच्यातून आम्ल सुटतं आणि शाई चिकटते. शंका असेल तर तांब्याची तार लाल तापवून पिशवीच्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. हे गच्चीवर करा, धूर वाईट असतो. आधाराला पुठ्ठा नको, तो आम्लयुक्त असतो. ३०० जीएसएमचा ॲसिड-फ्री ड्रॉइंग पेपर कापून घाला.

पट्टे कसरीचे, म्हणजे सिल्व्हरफिशचे. ती कागदाचा वरचा पापुद्रा आणि खळ खाते. ओल गेली की बरीचशी जाते. अंडी मारायला अंक झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नका, दार उघडझाप होऊन तापमान टिकत नाही. काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी थंड पानांवर जमतं. मे-जूनमध्ये तर अजिबात घाई नको. डांबर गोळ्या अंकांच्या डब्यात ठेवू नका. वास पानात बसतो, आणि कसरीचा बंदोबस्त काही त्यांनी होत नाही.