मदत हवी आहे: वाघाने म्हैस मारली, वाडीवर विष घालण्याची भाषा सुरू आहे

व्हाळपार: आमच्या वाडीवरील एका धनगर काकांची दुभती म्हैस वाघाने मारली असून ती अजून व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला तशीच पडून आहे. तिच्यावर कीटकनाशक ओतावे, असे काही घरांतून उघडपणे बोलले जात आहे. जानेवारी २०२० मध्ये आमच्याच गोव्यातील सत्तरी तालुक्यात गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले आणि त्यापायी एका कुटुंबातील माणसांना अटक झाली, हे ठाऊक असूनही राग आवरत नाही, कारण काकांचा संसार दुधावरच चालतो. काकांना काय सांगावे आणि कोणाकडे धाव घ्यावी? कृपया आजच उत्तर द्या.

अरण्यवाट: पंचनामा झाला का? वाडी म्हादई अभयारण्याच्या हद्दीत आहे की बाहेर? म्हैस गोठ्यात होती की रानात चरायला सोडली होती? आणि वाघच, हे कशावरून? बिबट्या सहसा वासरू, शेळी किंवा कुत्रे उचलतो. पूर्ण वाढीची म्हैस पाडणे हे बहुधा वाघाचेच काम, आणि तो बहुतेक वेळा मागच्या पुठ्ठ्यापासून खायला सुरुवात करतो. एवढे कळल्याशिवाय नेमके उत्तर देता येणार नाही.

बागायतदार: सत्तरीत म्हशी पाळणे आता परवडणारे नाही. काकांनी उरलेली जनावरे विकून काजूची कलमे लावावीत. कलमे कोणती निवडावीत, हे मी सविस्तर सांगू शकेन.

व्हाळपार: काजूविषयी मी विचारलेले नाही. वाडी हद्दीच्या आत आहे, म्हैस रानात चरत होती, मागचा पुठ्ठा खाल्लेला आहे आणि ओल्या मातीत पंज्यांचे मोठे ठसे आहेत. फोन केला होता, पण पंचनाम्याला अद्याप कोणी आलेले नाही.

सांगेकर: खरे दुखणे वेगळेच आहे. २४ जुलै २०२३ रोजी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र राखीव क्षेत्र अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ते क्षेत्र वेळीच झाले असते, तर निधी, माणसे आणि तातडीची भरपाई सत्तरीला मिळाली असती.

गवळवाडा: आणि आमचे काय झाले असते? २००६ च्या वनहक्क कायद्याखालील कितीतरी दावे वर्षानुवर्षे पडून आहेत. ज्याच्या नावावर पायाखालची जमीनही नाही, त्याला राखीव क्षेत्र म्हटले की आधी विस्थापनच दिसते. वाघ्रोला, म्हणजे वाघदेवाला, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पुजत आलो आहोत, त्यामुळे वाघाशी कसे वागावे, हे आम्हाला शिकवण्याची गरज नाही. आमच्या नुकसानीवर वेळेत विश्वास ठेवला जावा, एवढेच मागणे आहे.

बार्देशकर_जर्मनी: मी राहतो तिथे हाच वाद लांडग्यांवरून चालू आहे. सुमारे दीडशे वर्षांनंतर २००० साली पूर्व जर्मनीतील लाउझित्स भागात लांडग्यांची पिल्ले जन्मली आणि त्यानंतर मेंढपाळांचा रोष वाढतच गेला. विजेची कुंपणे आणि राखणीचे कुत्रे यांसाठी अनुदान मिळते, तरीही २०२५ मध्ये युरोपात लांडग्याच्या संरक्षणाचा दर्जा एक पायरी खाली आणला गेला. काकांनी विजेचे कुंपण घालून पाहावे.

गवळवाडा: तिथे कुरण मालकीचे असते. इथे रानभर चरणाऱ्या म्हशींना कुंपण कुठे घालणार?

अरण्यवाट: वाद पुढे कधीतरी करू, आधी म्हशीचे पाहा. तिला हलवू नका आणि पुरूही नका, कारण पुरावा तीच आहे. ठसे उन्हाने किंवा पावसाने पुसण्याआधी काठी शेजारी ठेवून त्यांचे फोटो काढा. मानेवरील सुळ्यांच्या खुणाही घ्या. परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज देऊन प्रतीवर पोच घ्या आणि सरकारी पशुवैद्यांना बोलावा. वाघ उरलेल्या शिकारीवर परत येतो, म्हणून अंधारात तिथे कोणी थांबू नये. वाडीला एवढे मात्र स्पष्ट सांगा, की विष कोल्हा, मुंगूस आणि तुमचे कुत्रेही खातील आणि ते व्हाळाच्या पाण्यातही उतरेल. शिवाय वाघ मारण्यास कायद्याने किमान तीन वर्षांची कैद आहे, आणि ती सल्ला देणाऱ्यांपेक्षा आधी काकांच्याच वाट्याला येईल.

व्हाळपार: पंचांना सोबत घेऊन अर्ज दिला. वनरक्षक आणि पशुवैद्य येऊन पंचनामा झाला आणि तिथे कॅमेराही लावला. विष ओतायला निघालेले पंचनाम्याला साक्षीदार म्हणून उभे राहिले. आता अर्जासोबत म्हशीच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक मागितला आहे, पण तिला बिल्ला लावलेलाच नव्हता. आता काय करावे?

गवळवाडा: दूध सोसायटीच्या पावत्या जोडा, पंचांकडून मालकीचा लेखी दाखला घ्या आणि बिल्ला नव्हता, हे पशुवैद्यांच्या अहवालात लिहून घ्या. उरलेल्या म्हशींना याच आठवड्यात बिल्ले लावून घ्या. काकांना लिहिण्यास अडचण असेल, तर मला खासगी निरोप पाठवा. मी वाळपईला येऊन अर्ज भरून देईन.